उसन्या औषधांचा हिशेब

सॅफो हा हाडे, सांधे आणि त्वचा यांना एकाच वेळी किंवा आगेमागे धरणारा दाहाचा दुर्मीळ आजार आहे. सायनोव्हायटिस म्हणजे सांध्याच्या अस्तराचा दाह, ॲक्ने म्हणजे मुरमांचे तीव्र रूप, पस्ट्युलोसिस म्हणजे तळहात-तळपायांवरच्या पूभरल्या पुटकुळ्या, हायपरऑस्टोसिस म्हणजे हाडाची अवाजवी वाढलेली जाडी आणि ऑस्टायटिस म्हणजे खुद्द हाडाचा दाह. या पाच शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून हे नाव तयार झाले. फ्रान्समधील शामो, कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९८७ साली सुचवले. आजार मात्र त्याआधीही होता आणि वेगवेगळ्या नावांनी वावरत होता. स्वित्झर्लंडमध्ये गिडिऑन यांनी १९७२ मध्ये मुलांच्या हाडांत अनेक ठिकाणी उठणाऱ्या, जंतू न सापडणाऱ्या दाहाचे वर्णन केले. जपानमध्ये सोनोझाकी यांनी १९८१ मध्ये तळहातांवरच्या पुटकुळ्या आणि छातीच्या हाडांचा दाह यांची जोडी नोंदवली.

या आजाराच्या नावाने मंजूर झालेले एकही औषध आज नाही. जे काही वापरले जाते ते दुसऱ्या आजारांकडून उसने आणलेले आहे. मेथोट्रेक्सेट मुळात रक्ताच्या कर्करोगाचे, सल्फासालाझिन संधिवाताचे, बिस्फॉस्फोनेट ठिसूळ हाडांचे, इन्फ्लिक्सिमॅब आतड्याच्या दाहाचे. उसने आणण्यात कमीपणा नाही. शेजारून वाटीभर पीठ आणल्याशिवाय कोणाचाच संसार चालत नाही. पण उसन्याचा हिशेब ठेवावा लागतो. सॅफोचा औषधोपचार या हिशेबावर उभा आहे: कोणते औषध, शरीराच्या कोणत्या तक्रारीसाठी, किती काळ, आणि ते लागू पडले हे कशावरून ठरवायचे. हा हिशेब नीट ठेवला तर बहुसंख्य रुग्णांचा आजार साध्या, स्वस्त आणि ओळखीच्या औषधांनी ताब्यात ठेवता येतो. न ठेवल्यास महागडे औषधही वाया जाते आणि कधी कधी जिवावर बेतते.

आजाराची ओळख

प्रौढांमध्ये हा आजार बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान दिसतो आणि स्त्रियांमध्ये थोडा अधिक. त्याची आवडती जागा छातीचा वरचा पुढचा भाग: कॉलरबोन जिथे छातीच्या मधल्या हाडाला मिळते तो सांधा, आणि वरच्या बरगड्यांचे जोड. तिथे महिनोन्‌महिने ठणकते, सूज येते, हात डोक्यावर नेणे, कूस बदलणे, मूल उचलणे जड जाते. पाठीचे मणके आणि माकडहाडाजवळचे सांधेही धरले जातात. मुलांमध्ये पायांची लांब हाडे, कॉलरबोन आणि मणके अधिक दुखतात. हाडांच्या स्कॅनमध्ये छातीचे मधले हाड आणि दोन्ही कॉलरबोनचे जोड एकदम उजळून निघाले की बैलाचे मस्तक आणि त्याची शिंगे यांसारखी आकृती उमटते. क्ष-किरण तज्ज्ञ तिला बैलाच्या मस्तकाची खूण म्हणूनच ओळखतात. सुरुवातीचा दाह एमआरआयमध्ये लवकर दिसतो. साध्या एक्स-रेत हाडाची जाडी दिसायला बराच काळ जावा लागतो.

त्वचेची लक्षणे हाडाच्या आधी, बरोबर किंवा काही वर्षांनीही येऊ शकतात. काही रुग्णांत ती येतच नाहीत. तळहात-तळपायांवर बारीक पिवळ्या पुटकुळ्या उठतात, सुकतात, तपकिरी खपल्या धरतात आणि पुन्हा उठतात. काहींच्या पाठीवर आणि छातीवर गाठाळ, पू वाहणारी मुरमे येतात. या पुटकुळ्यांतला पू निर्जंतुक असतो, आणि इथेच उपचाराचा पहिला गोंधळ होतो. पू दिसला की जंतू, आणि जंतू म्हटले की अँटिबायोटिक, हे समीकरण रुग्णाच्या मनात असते आणि अनेकदा औषध देणाऱ्याच्याही. तळहाताची तक्रार खरूज किंवा इसब म्हणून एका दवाखान्यात जाते, छातीची तक्रार संधिवात म्हणून दुसऱ्या. दोन्हींच्या चिठ्ठ्या वेगळ्या राहतात आणि आजाराला नाव मिळायला वर्षे लागतात.

या आजाराचे निदान पक्के करणारी एकही रक्तचाचणी नाही. दाह दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी वाढलेले असू शकतात, तसेच अगदी सामान्यही असू शकतात. संधिवाताचा रुमेटॉइड फॅक्टर बहुधा नकारात्मक येतो. म्हणून निदान हे तळहात, पाठ, छाती आणि कणा एकाच बैठकीत पाहण्यातून होते. त्यासाठी लागणारे साधन म्हणजे उजेड, थोडा वेळ आणि रुग्णाला अंगावरचा कपडा बाजूला करायला सांगण्याइतका विश्वास.

आधी काय नाही ते ठरवणे

सॅफोवर औषध सुरू करण्याआधी त्याच्यासारखे दिसणारे आजार वगळावे लागतात. युरोपातल्या पुस्तकांतली यादी वर्धा जिल्ह्यात जशीच्या तशी चालत नाही. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेतून एखादी बाई कॉलरबोनजवळची सूज घेऊन दवाखान्यात आली, तर तिथल्या डॉक्टरच्या मनात पहिली शंका क्षयाची येते, आणि ती यायलाच हवी. छातीच्या हाडाचा आणि कॉलरबोनच्या सांध्याचा क्षय भारतात दुर्मीळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. दुसरी शंका सिकलसेलची. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. या आजारात रक्तपुरवठा तुटून हाडे ठणकतात आणि हाडांत जंतुसंसर्गही होतो. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, ते या आजाराचा भार मोठा असल्यामुळेच. तिसरी शंका फ्लोरोसिसची. शेजारच्या यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, आणि वर्षानुवर्षे ते पाणी पिणाऱ्यांची हाडेही जाड व ताठर होतात. या तिन्हींच्या जोडीला हाडातला साधा जंतुसंसर्ग आणि कर्करोगाची गाठ यांचा विचार करावा लागतो.

सिकलसेलची तपासणी स्वस्त आहे आणि फ्लोरोसिसचा माग गाव, विहीर आणि दातांवरचे डाग यांतून लागतो. क्षयाचे तसे नाही. जिथे त्वचेची खूण स्पष्ट नाही तिथे सुजलेल्या हाडाचा तुकडा काढून तपासणे हाच खात्रीचा मार्ग. त्यात एक लहानशी चूक वारंवार होते: काढलेला सगळा तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला जातो. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर करता येत नाही. मग अहवालात नुसता दाह असल्याचे लिहून येते आणि प्रश्न तिथेच राहतो. तुकड्याचा एक भाग फॉर्मलिनमध्ये आणि दुसरा भाग निर्जंतुक सलाइनमध्ये, क्षयाच्या सीबीनॅट चाचणीसाठी व कल्चरसाठी, अशी दोन बाटल्यांची तयारी शस्त्रक्रियेआधीच ठेवली पाहिजे. बाटलीभर सलाइनचा खर्च आणि दीड वर्षाच्या चुकीच्या उपचाराचा खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही.

दीड वर्ष म्हणण्याचे कारण असे की हाडाच्या क्षयाचा उपचार भारतीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार १२ ते १८ महिने चालतो. पुरावा नसताना क्षयाच्या गोळ्या सुरू करून पाहावे, गुण आला तर क्षय होता असे समजावे, अशी एक पद्धत आहे. तिच्या बाजूने असे म्हटले जाते की क्षय सर्वत्र आहे, तो राहून गेला तर नुकसान मोठे, आणि गोळ्या सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. क्षय राहून जाण्याची भीती खरी आहे. पण सॅफोची चाल मुळातच चढउताराची आहे. आजार आपोआप शांत झाला तर श्रेय गोळ्यांना जाते, आणि वर्षाने तो उलटला की औषधाला न जुमानणारा क्षय समजून आणखी कडक औषधे दिली जातात. यकृत, डोळे आणि कान यांवर या औषधांचे परिणाम होतात. म्हणून क्षयाचा संशय जितका दाट, तितका पुरावा मिळवण्याचा आग्रह जास्त हवा. पुरावा मिळाला तर गोळ्या निःशंकपणे आणि पूर्ण मुदतीच्या द्याव्यात.

पहिली पायरी: वेदनाशामके

निदान ठरल्यावर सुरुवात दाह उतरवणाऱ्या वेदनाशामकांनी होते: नॅप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन, डायक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब. अनेक रुग्णांना एवढ्यावर आराम पडतो, विशेषतः मुलांना. यात नियम दोनच आहेत. एका वेळी एकच औषध द्यावे, आणि ते पूर्ण मात्रेत दोन ते चार आठवडे दिल्याशिवाय निरुपयोगी ठरवू नये. दुखेल तेव्हा एखादी गोळी घेणे ही वेदनेची तात्पुरती समजूत आहे, त्याने दाहाचा उपचार होत नाही. याउलट दोन वेदनाशामके एकदम घेतल्याने गुण दुप्पट होत नाही. जठरातला रक्तस्राव आणि मूत्रपिंडाची इजा मात्र वाढते. वर्ध्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. दिवसभर उन्हात काम करणाऱ्या माणसाच्या अंगातले पाणी कमी झालेले असते आणि त्यात ही गोळी पडली की मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून उन्हाळ्यात मात्रा, पाणी आणि क्रिएटिनिन या तिन्हींकडे अधिक लक्ष हवे.

स्टेरॉइडची जागा अरुंद आहे. एखाद्याच सांध्यात सूज असेल तर त्या सांध्यात दिलेले इंजेक्शन उपयोगी पडते. तोंडावाटे स्टेरॉइड तीव्र उठावात थोड्या दिवसांपुरते देता येते. ते लांबवले तर साखर, रक्तदाब, मोतीबिंदू आणि ठिसूळ हाडे हे मागे लागतेच. शिवाय थांबवताना पुटकुळ्या पूर्वीपेक्षा जोराने उसळू शकतात. नाव न सांगता दिल्या जाणाऱ्या दुखण्याच्या पुड्यांत स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी, आणि पहिल्या दिवसाच्या आरामाला भुलून रुग्ण त्या वर्षभर घेत राहतो. दडलेला क्षयही त्यामुळे जागा होतो.

दुसरी पायरी: मेथोट्रेक्सेट आणि त्याची भावंडे

वेदनाशामके अपुरी पडली आणि सांध्यांची सूज ठळक असली तर मेथोट्रेक्सेट दिले जाते. हे औषध अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालील कामातून पुढे आले. स्वस्त, जुने, आणि जोखीम माहीत असलेले हे औषध आहे. त्याची सर्वांत मोठी जोखीम औषधाच्या रसायनात नाही, चिठ्ठीच्या अक्षरात आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर रक्तपेशी घटतात, तोंड सोलते आणि मृत्यूही ओढवतो. म्हणून चिठ्ठीवर ठरलेल्या वाराचे नाव मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे, जोडीला फॉलिक ॲसिडचा वेगळा दिवस असावा, आणि वाचता न येणाऱ्या रुग्णाच्या घरातील एका माणसाला ते समोर बसवून सांगितलेले असावे. दर काही आठवड्यांनी रक्तपेशी आणि यकृताची तपासणी आणि दारू पूर्ण बंद, हे त्याचे पथ्य.

सल्फासालाझिन हा दुसरा पर्याय. तो देण्याआधी जी६पीडी या विकराची कमतरता नाही याची खात्री करणे शहाणपणाचे. कमतरता असल्यास रक्तपेशी फुटू शकतात. लेफ्लुनोमाइड आणि कोल्चिसिन यांचाही वापर झालेला आहे. या सर्वांचा गुण सांध्यांवर आणि त्वचेवर काही प्रमाणात दिसतो. हाडाच्या खोल दाहावर तो कमी भरवशाचा आहे. मूल हवे असणाऱ्या स्त्रियांना मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड ही दोन्ही औषधे गर्भाला घातक असल्याचे पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे. हा प्रश्न लाजेने टाळला जातो, आणि ज्या वयात सॅफो होतो त्याच वयात तो सर्वांत निकडीचा असतो.

बिस्फॉस्फोनेट: हाडाचे औषध

हाडाचा दाह हा आजाराचा गाभा असेल तर बिस्फॉस्फोनेट हे सर्वांत विचार करण्याजोगे उसने औषध आहे. हाड ही निर्जीव वस्तू नाही. एका प्रकारच्या पेशी ते सतत पोखरतात आणि दुसऱ्या प्रकारच्या ते भरून काढतात. सॅफोमध्ये ही देवघेव बेफाम होते. बिस्फॉस्फोनेट पोखरणाऱ्या पेशींना आवरते आणि दाह पेटवणाऱ्या काही रसायनांची निर्मितीही कमी करते, असे दिसते. पॅमिड्रोनेट आणि झोलेड्रोनेट शिरेतून दिली जातात. अनेक रुग्णांत हाडाची वेदना काही आठवड्यांत उतरते आणि एमआरआयमधली सूजही कमी होते. त्वचेवर मात्र या औषधाचा प्रभाव नगण्य आहे. हे आधीच सांगितले नाही तर छातीचे दुखणे थांबूनही तळहाताकडे पाहत रुग्ण औषध निकामी ठरवतो.

झोलेड्रोनेटची जेनेरिक इंजेक्शने भारतात सहज मिळतात आणि जैविक औषधांच्या तुलनेत खर्च फार कमी येतो. सलाइनमधून अर्ध्या तासात औषध जाते. त्यानंतर दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी यांनी ती जाते. आधी तीन गोष्टी पाहायच्या: मूत्रपिंड, रक्तातले कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. ऊन भरपूर असलेल्या आपल्या देशातही ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. ती भरून न काढता हे इंजेक्शन दिले तर कॅल्शियम एकदम घसरून हातपाय वळतात.

चौथी गोष्ट दात. या औषधांच्या वापरात क्वचित जबड्याचे हाड मरते, आणि किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या, उपचारादरम्यान काढलेली दाढ यांमुळे ती शक्यता वाढते. खर्रा ही विदर्भातील घराघरांत शिरलेली सवय आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना यांनी हिरड्या खराब झालेल्या आणि तोंड पुरते न उघडणाऱ्या रुग्णाला दंतवैद्याकडे पाठवल्याशिवाय हे इंजेक्शन देऊ नये. तळहातावरच्या पुटकुळ्यांचा धूम्रपानाशी जवळचा संबंध आहे, त्यामुळे विडी-सिगारेट सोडवणे हा इथे उपचाराचाच भाग ठरतो. जपानमध्ये टॉन्सिल आणि दातांमधला जुनाट संसर्ग दूर केल्यावर अशा पुटकुळ्या ओसरल्याचे अनुभव मोठ्या संख्येने नोंदले गेले आहेत. तोंडाची तपासणी अशी दोन्ही बाजूंनी फायद्याची आहे.

अँटिबायोटिकचा प्रश्न

मुरमांत सापडणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू काही रुग्णांच्या हाडाच्या तुकड्यातही सापडला आहे. त्यावरून जंतूने आजार पेटतो असा तर्क पुढे आला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात १६ आठवडे ॲझिथ्रोमायसिन दिल्यावर रुग्णांना आराम पडला, पण औषध थांबल्यावर काही आठवड्यांतच तो फायदा ओसरला. यावरून एवढेच म्हणता येते की तीव्र मुरमे असलेल्या रुग्णात डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिनचा ठरावीक मुदतीचा प्रयोग समर्थनीय आहे. मुदतीनंतर गुण नसेल तर ते बंद करावे. पुटकुळी उठली की अँटिबायोटिकचा कोर्स, असे वर्षानुवर्षे करण्याला आधार नाही. त्यातही लेव्होफ्लॉक्सासिनसारखे क्षयाच्या जंतूवरही चालणारे औषध निदानाआधी दिले तर क्षय अर्धवट दबतो आणि कल्चरमध्ये सापडेनासा होतो.

जैविक औषधे आणि क्षयाची सावली

वरच्या पायऱ्यांनी आजार आवरला नाही तर टीएनएफ या दाहाच्या दूताला अडवणारी जैविक औषधे येतात: इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब, एटानर्सेप्ट. हाडांच्या आणि सांध्यांच्या दुखण्यावर त्यांचा गुण ठळक असतो. अडालिमुमॅबचे जगातले पहिले बायोसिमिलर झायडस कॅडिलाने डिसेंबर २०१४ मध्ये भारतातच बाजारात आणले, आणि त्यामुळे किंमत उतरली. एक विचित्र गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते: हीच औषधे काही रुग्णांत तळहातांवर नव्या पुटकुळ्या उठवतात. हाड शांत आणि त्वचा पेटलेली, असे झाले तर औषध बदलावे लागते.

भारतात या औषधांचा सर्वांत मोठा धोका क्षयाचा. लहानपणी शिरलेला क्षयाचा जंतू अनेकांच्या शरीरात पेशींच्या कुंपणात कोंडलेला असतो. ते कुंपण उभे ठेवण्यात टीएनएफचा मोठा वाटा आहे. औषधाने तो काढून घेतला की कुंपण ढासळते आणि क्षय शरीरभर पसरू शकतो. म्हणून छातीचा एक्स-रे आणि मांटू किंवा इग्रा चाचणी केल्याशिवाय हे औषध सुरू करणे अक्षम्य आहे. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाच्या २०२१ च्या प्रतिबंधात्मक उपचारांच्या मार्गदर्शक तत्त्वांत टीएनएफविरोधी औषधे घेणाऱ्यांचा समावेश आहे. सुप्त क्षय आढळला तर आयसोनियाझिड सहा महिने, किंवा आयसोनियाझिड व रिफापेंटिन यांची आठवड्यातून एकदा घ्यायची मात्रा तीन महिने दिली जाते, आणि जैविक औषध हा उपचार सुरू झाल्यावर किमान महिनाभराने सुरू होते. बी आणि सी कावीळ यांचीही तपासणी आधी हवी.

आयएल-१७ हा दाहाचा दुसरा दूत रोखणारे सेक्युकिनुमॅब आणि आयएल-२३ हा तिसरा दूत रोखणारे गुसेलकुमॅब ही त्यापुढची औषधे. तळहात-तळपायांच्या पुटकुळ्यांसाठी गुसेलकुमॅबला जपानने २०१८ मध्ये मान्यता दिली. तोफासिटिनिब ही तोंडाने घ्यायची गोळी आहे; भारतात तिची अनेक जेनेरिक उपलब्ध आहेत आणि सॅफोच्या रुग्णांत हाड व त्वचा दोन्हींवर गुण आल्याचे अनुभव प्रसिद्ध झाले आहेत. ती स्वस्त आणि सोपी आहे म्हणूनच सावधगिरी हवी. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोग यांबद्दल तिच्यावर कडक इशारा छापायला लावला. नागीण आणि क्षय यांची शक्यताही ती वाढवते.

आजार पुढे जाऊन हाडे जखडू नयेत म्हणून सर्वांनाच लवकर जैविक औषध द्यावे, असे मत काही तज्ज्ञ मांडतात. ज्यांचे मणके झपाट्याने धरले जात आहेत त्यांच्या बाबतीत ते पटण्यासारखे आहे. पण सॅफो बहुतेकांत चढउताराने, वर्षानुवर्षे चालतो आणि बऱ्याच जणांत तो सौम्य राहतो. मोठ्या, चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनात्मक चाचण्या या आजारात जवळजवळ नाहीत. बहुतेक ज्ञान लहान रुग्णसमूहांच्या नोंदींवर उभे आहे. इतक्या पातळ पुराव्यावर क्षयाच्या प्रदेशात सर्वांना महाग आणि जोखमीचे औषध देणे समर्थनीय नाही.

पुराव्याच्या जागी नोंद

जिथे चाचण्यांचा पुरावा कमी, तिथे प्रत्येक रुग्णाच्या नोंदीचे महत्त्व वाढते. औषध सुरू करतानाच केसपेपरवर चार ओळी लिहिल्या जाव्यात: आज वेदना शून्य ते दहा यांपैकी किती, तळहाताचे छायाचित्र, सीआरपी, आणि ज्या तारखेला गुण नसेल तर औषध बंद होईल ती तारीख. शेवटची ओळ सर्वांत मोलाची आहे. तिच्या अभावी औषधे एकावर एक चढत जातात. नवे येते, जुने जात नाही, आणि दोन वर्षांनी कोणत्या गोळीने काय केले हे कोणालाच सांगता येत नाही. मुलांतील अशा आजारासाठी उत्तर अमेरिकेतील बालसंधिवात तज्ज्ञांनी २०१८ मध्ये तीन उपचार-आराखडे प्रसिद्ध केले: मेथोट्रेक्सेट किंवा सल्फासालाझिन, टीएनएफविरोधी औषधे, आणि बिस्फॉस्फोनेट. एकच रस्ता खरा असे न ठरवता तिन्हींची एकसारखी नोंद ठेवून तुलना करण्याचा तो मार्ग आहे. भारतातही तो चोखाळता येण्यासारखा आहे.

पैसा आणि धोरण

राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ मध्ये आले आणि त्यातील मदतीची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातील एक उत्कृष्टता केंद्र आहे. पण या धोरणाची यादी प्रामुख्याने जनुकीय आणि चयापचयाच्या आजारांची आहे. सॅफो तिच्यात नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरलेल्या उपचारांभोवती बांधलेली आहे. सॅफोचा रुग्ण दाखल होत नाही; तो वर्षानुवर्षे बाह्यरुग्ण विभागात येतो. दुर्मीळ असूनही दुर्मीळांच्या यादीत नाही आणि जुनाट असूनही पॅकेजमध्ये बसत नाही, अशा दोन भिंतींच्या मध्ये तो उभा आहे. यादीत एक नाव वाढवल्याने हे सुटणार नाही. बाह्यरुग्ण विभागातील दीर्घकालीन औषधे आणि त्यांच्या रक्तचाचण्या यांना योजनांत जागा मिळाली पाहिजे. त्याचा लाभ सॅफोच्या मोजक्या रुग्णांबरोबर संधिवाताच्या असंख्य रुग्णांनाही होईल.

वर्ध्याजवळचे बळ

या जिल्ह्यात हे काम उभे राहण्यासारखे बरेच काही आधीच आहे. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तिच्या कस्तुरबा रुग्णालयाने जेनेरिक औषधे कमी दरात देण्याची व्यवस्था केली आणि ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन गावांना आरोग्य विमा देण्याचा प्रयोग चालवला. सावंगी मेघे येथे १९९० पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच परिसरात दंत महाविद्यालयही. त्वचा, हाड, दात, क्ष-किरण आणि क्षय या पाचही विद्याशाखा पिपरी मेघेच्या रहिवाशाला एका तालुक्यात मिळतात. महानगरांतही सर्वांना ही सोय नाही.

आणखी एक वारसा याहून मोठा आहे. त्वचेवर दिसणारा, हाडे झिजवणारा आणि माणसाला लाजेने घरात कोंडणारा एक आजार वर्ध्याने पूर्वी हाताळलेला आहे. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले आणि डॉ. वर्देकर यांच्या नेतृत्वाखाली सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत इथे घडली. डॅप्सोनची साधी गोळी त्या वेळी उपलब्ध होती. तिचा खरा उपयोग झाला तो रुग्ण लवकर शोधणाऱ्या, घरोघर जाणाऱ्या आणि नोंद ठेवणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बहुऔषधी उपचार देशात ज्या जिल्ह्यांत प्रथम राबवला गेला, त्यांत वर्धा होता. सॅफो संसर्गजन्य नाही आणि त्याचे रुग्ण थोडे आहेत, त्यामुळे घरोघर सर्वेक्षणाची गरज नाही. त्या कामातून घ्यायचा धडा वेगळा आहे: कातडीवरची खूण लवकर ओळखणे, औषध नियमाने पोहोचवणे, आणि रुग्णाला लाज वाटू न देणे.

तेव्हा करायचे ते स्पष्ट आहे. कॉलरबोनची सूज घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाचे तळहात पाहावेत आणि तळहातांवर पुटकुळ्या असलेल्या प्रत्येकाला छाती दुखते का हे विचारावे. हाडाचा तुकडा दोन बाटल्यांत पाठवावा. औषध एकेक करून, मुदत ठरवून, लिहून द्यावे. जैविक औषधाआधी क्षयाचा शोध घ्यावा. सेवाग्राम आणि सावंगी येथील दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांनी अशा रुग्णांची एक सामाईक नोंदवही ठेवावी. या पाचही गोष्टींना नवे औषध लागत नाही, नवी इमारत लागत नाही, आणि त्यांतली पहिली उद्याच्या बाह्यरुग्ण विभागात सुरू करता येते.